न उघडलेलं बॉनेट

जर्मनीत इंजिनांचं शिक्षण घेऊन परतलेल्या केतकीला वाटलं होतं, गावातल्या खवा करणाऱ्या बायकांसाठी जुनी पिकअप घेतली की काम झालं. पण आठच दिवसांत पिकअप काळा धूर ओकू लागली. सकाळी तिने ती तालुक्याला बंकटशेठच्या गॅरेजात सोडली.

संध्याकाळी शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, पुस्तकं वेगळी, गाडी वेगळी. मी स्वतः इंजिन बघितलं. पिस्टन गेलेत. साठ हजार लागतील, नाहीतर भंगारात मला देऊन टाका."

सोबत आलेल्या कौसाबाईंचा चेहरा उतरला. गाडी गेली की त्यांचा खवा पुन्हा दलालाच्या दारात जाणार होता.

"मलाही दाखवा ना," केतकी म्हणाली.

शेठनी ऐटीत बॉनेटचा खटका ओढला. तो हातातच आला.

"केबल कालच तुटलीय, शेठ. बॉनेट उघडेना म्हणून तर गाडी तुमच्याकडे आणली. तुम्ही न उघडताच पिस्टन पाहिलेत!"

गॅरेजभर हशा पिकला. "आमच्या भट्टीवर यायचीही गरज नाही," कौसाबाई म्हणाल्या, "घरबसल्या सांगा खवा करपला का ते!"

केतकीने पक्कड लावून बॉनेट उघडलं, तर एअर फिल्टर धुळीने गच्च भरलेला; इंजिनाला हवाच मिळत नव्हती, म्हणून काळा धूर. तो साफ करताच धूर थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीने ठरवलं, भट्टीशेजारीच आपलं गॅरेज काढायचं आणि प्रत्येक गाडी मालकासमोरच उघडायची.