तहानलेली होडी

एक होता राजा, आणि त्याचा राग त्याच्या आधी दरबारात पोहोचत असे. पाय पोटाशी घ्या, आणि मध्ये बोलू नका. रागाची गोष्ट आहे. ती शांतपणेच ऐकावी लागते.

राजाच्या महालाखालून मौना नावाची नदी वाहत असे. तिचे पाणी काळेभोर होते. घाण नव्हे, बरे का! काठच्या रानाची पाने वर्षानुवर्षे तिच्यात भिजत, म्हणून ते कोऱ्या चहासारखे दिसे. ना लाट, ना खळखळ. नदीच्या खालच्या अंगाला, दोन दिवसांच्या वाटेवर, राजाची धाकटी बहीण कमळजा नांदत होती. तिकडे रस्ता नव्हता. होडीनेच जावे लागे.

सात वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला ओवाळता ओवाळता कमळजा हसून म्हणाली होती, "दादा, मिशी आहे की केरसुणी?" झाले. राजा भरल्या ताटावरून उठला. आंब्याच्या एका खोडातून कोरलेली आपली होडी त्याने दरबाराच्या छताला टांगली आणि म्हणाला, "या नदीवर आता मी पाऊल ठेवणार नाही."

सात वर्षे होडी तशीच टांगलेली राहिली.

मग एके सकाळी कमळजाचा निरोप आला. 'आजपासून आठव्या दिवशी, गोरज मुहूर्तावर रेवतीचे लग्न आहे. मुलीला बोहल्यावर मामाने न्यायचे असते. आला नाहीस, तर मला भाऊ नव्हताच, असे मी मांडवात सांगेन.'

राजाने निरोप दोनदा वाचला. भाचीला त्याने पाळण्यापासून परकरापर्यंत वाढताना पाहिले होते. तो गरजला, "होडी उतरवा!"

मग प्रवासाची सिद्धता सुरू झाली. होडी पुसली, तेलाने चकचकीत केली. तेव्हा हौसा नावाडीण पुढे आली. तिचे सारे आयुष्य मौनेवर गेले होते, आणि तिचा स्वभावही काही मवाळ नव्हता.

ती म्हणाली, "महाराज, होडी वाळली आहे. आधी तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. लाकूड फुगेल, भेगा मिटतील, मग निघा."

"लग्नाला निघताना होडी बुडवू? म्हातारे, अपशकुन करतेस?"

"शकुन तुमचा. भेगा होडीच्या."

"हिला बाहेर काढा!"

"मला काढाल, महाराज. पाण्याला कसे काढाल?" असे म्हणून हौसा स्वतःच निघून गेली, आणि जाताना तिने दार आपटले. राजाचे दार, बरे का.

मग पहिल्या दिवशी प्रधान होडीत बसला. होडी कमरेइतकी भरली. राजा सुतारांवर ओरडला. होडी ओढून काढली आणि उन्हात वाळवली.

मग दुसऱ्या दिवशी भेगांत राळ भरली, मेण भरले. सेनापती बसला. मेण सुटले; होडी छातीइतकी भरली. राजा सेनापतीवर ओरडला. होडी पुन्हा वाळवली.

मग तिसऱ्या दिवशी राजा स्वतः बसला. पाणी घोट्याशी येताच त्याने होडीला सणसणीत लाथ मारली. "चल, मेले!"

तेव्हा होडी बोलली. तिचा आवाज सुक्या लाकडासारखा करकरीत होता.

"रुसलास तू, आणि कोरडी राहिले मी. सात वर्षे! दोन वेळा पाण्याला तोंड लावले, दोन्ही वेळा ओढून उन्हात टाकलेस. आता माझे पोट भरेपर्यंत मी पिणार. तुला उतरायचे असेल तर उतर."

आणि गटागटा पीत ती तळाशी गेली. राजा गळ्यापर्यंत बुडाला. तो कसाबसा काठावर आला आणि तेथेच बसला. जेवला नाही, कोणाशी बोलला नाही. एक दिवस गेला. दुसरा गेला. तिसराही गेला. कसले झोपताय? लग्नाला दोनच दिवस उरले होते.

मग हौसा दोन वल्ही घेऊन आली. तिने गळ टाकून होडी वर ओढली, पाणी उपसले आणि वाट पाहिली. थेंबभरही पाणी आत आले नाही.

"तीन दिवस तुम्ही रुसून बसलात, तीन दिवस ती भिजली," हौसा म्हणाली. "आधी ऐकले असते, तर आज बहिणीच्या मांडवात असता. घ्या, हे वल्हे धरा."

राजाचा राग नाकापर्यंत आला. त्याने वल्हे धरले.

दोन दिवस दोघे वल्हवत राहिले. सूर्य टेकला, सनई ऐकू आली. घाटावर कमळजा हाताची घडी घालून उभी होती. राजा उतरला. वल्ह्याने उडालेल्या पाण्याने अंगरखा चिंब, मिशीतून पाणी निथळत होते.

कमळजाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"दादा, केरसुणी भिजली."

सनईवाल्याचा श्वास अडकला. हौसाने होडी परतीला वळवून ठेवली. राजाचा चेहरा लाल झाला. इतक्यात मागे पाण्यात होडीने एक लहानसा घोट घेतला. गुळुक.

राजा म्हणाला, "भिजली, म्हणून तर पोहोचलो. रेवती कुठे आहे?"

मग मामाने भाचीचा हात धरून तिला बोहल्यावर नेले. होडी पुन्हा कधी छताला टांगली गेली नाही, आणि सगळे सुखाने नांदले. भांडले, पण नांदले.

आता तुम्ही दोघे. सायंकाळपासून एकमेकांशी अबोला धरून आहात, ते मला दिसत नाही असे समजू नका. उठा. एकाच तांब्यातले घोटघोट पाणी प्या, आणि झोपा.