रापणीचा वाटा

"मगे तेव्हा ते कित्याक इल्ले, बाबा?"

सदानंद गावसांनी हे विचारलं तेव्हा हसनबाबा पीराच्या चौथऱ्यावर बसून केरसुणीसाठी झावळीचे हीर सोलत होते. फकीर असले तरी त्यांना रिकामं बसवत नसे. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण इल्ले?"

"सगळे. पोर्तुगीजांच्या विरोधात माझ्यावांगडा उभे रवलेले सगळे. आणि आज एकव नाय."

गोवा सुटला त्याला बरीच वर्षं झाली होती. त्या दिवसाची आठवण म्हणून सदानंद दरवर्षी किनाऱ्यावरच्या टेकडीवर झेंडा लावत. इथेच त्यांची टोळी लपून जमायची. आधी सगळा गाव यायचा. मग अर्धा. मग शाळेतली पोरं, तीही खाऊ मिळायचा म्हणून. आज कुणीच फिरकलं नाही. झेंडा त्यांनीच चढवला, सलामी त्यांनीच दिली, गाणंही त्यांनीच म्हटलं. भाषण तेवढं केलं नाही.

घरी जाववेना. घरी होतं तरी कोण? म्हणून पाय त्याच टेकडीच्या उतारावरच्या या पीराकडे वळले.

"कोण कोण होते, सांग बघूया," बाबा म्हणाले.

"वामनबाब भाटकार. एवढो जमीनदार माणूस, पण तांदूळ धाडी, कोठारात लपवन ठेवी."

"कित्याक?"

"देशासाठी."

बाबांनी एक हीर सोलून बाजूला ठेवला.

"तेचो नदीवयलो आगर पोर्तुगीज सरकारान दुसऱ्याक दिल्लो. खरा मा?"

"...खरा."

"आणि इनास रेंदेर?"

"तो माडी काढूच्या निमतान माडार चढान पाळत ठेवी. माडाच्या करान तेचा कंबरडा मोडलेला."

"बाबुसो?"

"बाबुसो मुंडकार. भाटकाराच्या जमनीत झोपडी. तेका वाटला, राज्य बदालला तर घराखालची जमीन आपली जातली."

"खयच्या भाटकाराची?"

"...वामनबाबांचीच."

बाबांच्या दाढीत हसू हललं. तेवढंही सदानंदांना झोंबलं.

"हसा नको, बाबा. ते दोघव एकाच टोपातली पेज जेवलेत. मी वाढलंय. वामनबाबान आपली घोंगडी बाबुसोच्या आंगार घातल्यान, थंडी होती म्हणान... आता दोघांचो दावो चललो हा कोर्टात. तोंड बघणत नाय एकामेकाचा."

वारा आला. सोललेले हीर थोडे हलले.

"म्हणजे सगळे आपापल्या पोटासाठी इल्ले," सदानंद म्हणाले. "देशासाठी मी एकटोच."

"तुका काय होया होता?"

"काय्येक नको होता." हे सांगताना त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. "पेन्शन नाकारलंय. भूखंड नाकारलंय. कमिटीत घेय होते, ता पण नाकारलंय."

बाबांनी कोयती खाली ठेवली आणि हाताने किनारा दाखवला.

खाली रापण लागली होती. पहाटे होडीतून समुद्रात अर्धगोल सोडलेलं ते प्रचंड जाळं आता किनाऱ्याकडे ओढलं जात होतं. दोन टोकांचे दोन दोर, प्रत्येक दोरावर माणसांची रांग. जाळं जवळ येईल तशा दोन्ही रांगा सरकत सरकत एकमेकींकडे येतात. रिवाज असा, की दोराला ज्याने हात लावला त्याला मासळीचा वाटा. मग तो वाटसरू का असेना.

"जा," बाबा म्हणाले. "हात लाव."

सदानंद उतरले. दोर धरला. पुढच्या माणसाने वळून पाहिलं, थोडं सरकून जागा दिली. तो इनास होता. पलीकडच्या दोरावर बाबुसो उघड्या अंगाने वाकला होता. वामनबाबही हजर. रापण त्यांच्या मालकीची, म्हणून शकुनाचा एक हात दोराला आणि दुसऱ्या हातात छत्री. जी माणसं झेंड्याला मिळाली नव्हती, ती सगळी इथे होती. सदानंदांचं मन कडू झालं.

पण ओढता ओढता ते कडूपण कधी ओसरलं, त्यांना कळलं नाही. "हेऽऽ हय्या" म्हणताना त्यांचाही आवाज त्यात मिसळला. तळहात सोलले. इनासच्या घामाचा वास नाकात गेला आणि ते जुने दिवस एकदम इतके जवळ आले, की डोळे भरले. दोन्ही रांगा भिडल्या तेव्हा वामनबाबांची छत्री बाबुसोच्या डोक्यावर आली होती. दोघांनीही ती हलवली नाही.

मग मासळी वाळूत ओतली. रापणीचा म्होरक्या असलेल्या तांडेलाने वाटे घातले. बांगड्यांचा एक ढीग त्याने सदानंदांसमोर सारला.

"सदाबाब, ह्यो तुमचो."

"माका नको रे," सदानंद हसून म्हणाले. "मी वाट्यासाठी नाय ओढलंय."

तांडेल त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने ढीग परत आपल्याकडे ओढला.

"मगे उद्या दोरीक हात लावू नकात."

"कित्याक?"

"ह्या इनासाक घराकडे मासे न्हेवचे आसत. हात तुटलो तरी तो दोरी सोडूचो नाय. तुमका काय्येक नको. तुमी मधीच सोडलास तर आमी काय करूचा?" तो रागाने बोलत नव्हता. "आणि नसात सोडीत, तरी आमका ओशाळल्यासारख्या जाता. आमी मासे न्हेतो, आणि तुमी आमका बघीत रवतास."

इनास आपला वाटा पंच्यात बांधत होता. त्याने मान खालीच ठेवली. बाबुसो एका वाटेने गेला, वामनबाब दुसऱ्या. घराघरांतून धूर निघू लागला. वाळूवर जाळं पसरलेलं राहिलं आणि त्याच्या कडेला सदानंद.

ते टेकडी चढून वर आले तेव्हा बाबांची केरसुणी बांधून झाली होती.

सदानंद चौथऱ्याच्या कडेला टेकले.

"बाबा..."

"हां."

"मी खोटा बोल्लंय." सदानंद आपल्या सोललेल्या तळहातांकडे बघत होते. "माका होया होता. ती पेज. तो टोप. सगळ्यांनी येवचा, बसाचा, माका हाक मारूची... राज्य खयचाय आसू दे. पोर्तुगीज गेले आणि आमचा एकत्र जमणा संपला तेव्हा सगळ्यांका आनंद झालो. मी घरी येवन रडलंय."

"मगे मागलंस कित्याक नाय?"

"कसा मागतलंय? मी तर काय्येक नको म्हणान बसलंय."

"तांडेल अजून थयच आसा," बाबा म्हणाले. "जा, वाटो माग. आणि खयचो मासो आवडता, ताय सांग तेका."