मातीचे डोहाळे

“पण महाराज, जिच्या उदरी महापुरुष येतो, तिचे रक्त आटणारच ना?”

केवलस्वामी पूजेची फुले निवडीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोणाचे रक्त आटले, अच्युता?”

“माझ्या सुनेचे. मथुरेचे. सातवा महिना चालू आहे.”

अच्युतबुवा हे स्वामींचे पट्टशिष्य. वाणी रसाळ, पाठांतर अफाट. मांजरेच्या दोन्ही तीरांवर त्यांच्या कीर्तनावाचून एकही उत्सव उभा राहत नसे. स्वामी थकले होते. त्यांच्या मागे मठाच्या गादीवर कोण, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नसे. बुवांनी तो मनातल्या मनात सोडवून ठेवला होता.

“काय होते तिला?”

“पांढरीफटक पडली आहे. ओटा चढली तरी धाप लागते. काल हंडा उचलताना भोवळ येऊन पडली.”

“कारण काय म्हणतात लोक?”

बुवा हसले. “जितकी तोंडे तितकी कारणे. सुईण म्हणते, दृष्ट. जोशी म्हणतात, पितर खवळले. विहीणबाई तोंडावर बोलल्या, ‘आमची पोर डाळिंबासारखी होती, तुमच्या उंबऱ्यालाच काही आहे.’ आमची ही म्हणते, त्यांच्या घराण्याचे रक्तच पातळ. आणि आरोग्यकेंद्रातली नर्सबाई म्हणते, रक्तात लोह उरले नाही. तालुक्याला न्या, रक्त चढवा.”

“आणि मथुरा काय म्हणते?”

“ती...? तिला कोणी विचारले नाही.”

स्वामींनी एक किडके फूल वेगळे काढून ठेवले.

“तुझे मत काय?”

बुवा याच प्रश्नाची वाट पाहत होते. ते पुढे सरकले. आवाज आपोआप कीर्तनातला झाला.

“महाराज, तिला डोहाळे लागले आहेत. चिंचा-बोरांचे नव्हेत. आपल्या गुरूंच्या, थोरल्या स्वामींच्या समाधीच्या मातीचे! पहाटे येते, समाधीच्या मागची माती नखांनी उकरते आणि खाते. मी या डोळ्यांनी पाहिले. अन्नाचा वास सोसत नाही, माती मात्र मूठमूठ. गर्भाची इच्छा तीच आईची इच्छा, असे जुने लोक सांगत आले. हा गर्भ स्वतःच्या समाधीची माती मागतो आहे. थोरले स्वामी परत येत आहेत, महाराज... माझ्या घरी.”

मंडपात नंदादीपाची वात तडतडली.

“लोकांना सांगितलेस?”

“गेल्या एकादशीच्या कीर्तनात. ती माती अमृताहून गोड आहे, असे म्हणालो आणि सारा मंडप गहिवरला. आता बायका मथुरेच्या पायांवर डोके ठेवायला येतात. परवा उत्सव आहे. तिला समाधीशेजारी चौरंगावर बसवावे, दर्शनाची रांग लावावी, अशी सर्वांची इच्छा. आपली आज्ञा घ्यायला आलो.”

“नर्सबाईने गोळ्या दिल्या असतील.”

“दिल्या होत्या. लोहाने मूल काळवंडते म्हणतात. थोरले स्वामी तर केतकीसारखे गोरे होते. मी त्या नदीत सोडल्या.”

“जेवते कधी ती?”

“पुरुषांची पंगत उठली, मग घरच्या बायका बसल्या, की नंतर. ती धाकटी ना. शिवाय गुरुवार, एकादशी, चतुर्थी मीच धरायला सांगितल्या आहेत. अशा गर्भाला तपाचे बळ हवे.”

स्वामींनी फुलांची परडी खाली ठेवली.

“घेऊन ये तिला.”

“बाहेरच आहे, महाराज. पायरीवर बसली आहे. तिला चढवेना.”

मग स्वामीच काठी टेकीत बाहेर गेले. हातात तीर्थाची पळी होती.

मथुरा खालच्या पायरीवर खांबाला टेकून बसली होती. वय विशीच्या आतबाहेर. ओठांचा आणि कपाळाचा रंग एकच झाला होता. स्वामींना पाहून ती पदर सावरीत उठू लागली. त्यांनी हातानेच तिला बसविले.

“पोरी, हात पुढे कर. तीर्थ घे.”

तिने ओंजळ केली.

“तसा नव्हे. पालथा.”

तिने हात पालथा केला. बोटांची नखे मधोमध खोलगट झाली होती, कडा वर उचललेल्या. स्वामींनी पळी वाकवून एका नखावर तीर्थाचा थेंब सोडला.

थेंब ओघळला नाही. नखाच्या खळग्यात तसाच उभा राहिला.

बुवांनी हात जोडले. “पाहिलेत, महाराज? तीर्थसुद्धा तिला सोडून जात नाही!”

स्वामींनी त्यांच्याकडे पाहिले. “रक्त आटले की नखाला असा खळगा पडतो, अच्युता.”

मग ते मथुरेकडे वळले. “माती का खातेस, बाळ?”

तिची नजर सासऱ्यांकडे गेली.

“त्याच्याकडे पाहू नकोस. मी विचारतो आहे.”

“राहवत नाही, महाराज...”

“थोरले स्वामी येऊन कानात सांगतात?”

“नाही.” ती थोडी थांबली. श्वास गोळा करून म्हणाली, “चुलीची पण खाल्ली. गोठ्याच्या भिंतीची पण. राख खाल्ली. मामंजींनी इथलीच तेवढी पाहिली.”

“माहेरी असताना खात होतीस?”

“नाही.”

बुवा घाईने म्हणाले, “महाराज, ती भांबावली आहे. एवढे भाग्य अंगावर आले की माणूस भितोच.”

स्वामी काठी टेकीत समाधीच्या मागे गेले. बुवा मागोमाग गेले.

समाधीचा ओटा तिन्ही बाजूंनी दगडी. मागची बाजू मात्र पूर्वीपासून मातीची. तिथे एक खळगा पडला होता. त्याच्या कडेला नखांचे ओरखडे होते, जवळजवळ, एकावर एक.

स्वामी कष्टाने खाली बसले. मूठभर माती उकरली आणि बुवांच्या तळहातावर ठेवली.

“खा.”

“महाराज...?”

“अमृताहून गोड म्हणालास ना? मला ऐकू आले होते. माझे पाय गेले आहेत, कान नाहीत. खा.”

बुवांनी चिमूट उचलली, मस्तकाला लावली, जिभेवर ठेवली.

“चिमूट नव्हे. ती खाते तेवढी.”

बुवांनी मूठ तोंडात घातली. दातांखाली खडा करकरला. त्यांनी चावले, पुन्हा चावले. डोळ्यांत पाणी आले. घसा वर-खाली झाला, पण घास जागचा हलला नाही.

“गिळ.”

बुवांनी नकारार्थी मान हलवली.

“तुझ्या गुरूच्या गुरूची माती आहे, अच्युता.”

ढास लागली. सारी माती उपरण्यावर पडली. बुवा गुडघ्यांवर आले.

“उतरत नाही, महाराज...”

“तिला उतरते.”

“तिची भक्ती माझ्याहून मोठी असेल...”

“सकाळी काय खाल्लेस?”

“मी? दूध... आणि शिरा. नैवेद्याचा.”

“तिने?”

बुवा खांबाच्या दिशेने वळले. ओठांच्या कडेला माती तशीच होती. खांबापाशी बसलेल्या मथुरेची धाप इथवर ऐकू येत होती.

“महाराज,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “पाटलांची जीप मागवतो.”

“उत्सव परवा आहे ना?”

“मागवतो, महाराज.”

जीप आली. मथुरेला दोघींनी धरून आत निजविले. स्वामी जीपपर्यंत चालत गेले. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. बोटांच्या फटींतून माती गळत होती. स्वामींनी ती मूठ उघडण्याचा प्रयत्न केला नाही. आपली शाल तिच्या अंगावर घातली आणि मागे सरकले.

उत्सवाच्या दिवशी चौरंग रिकामा राहिला.

तालुक्याच्या इस्पितळात तिच्या गटाचे रक्त मिळायला दोन दिवस गेले. ते चढविण्याची तयारी चालू असतानाच कळा सुरू झाल्या, वेळेआधी. मूल रडले नाही. बाळंतपणात जेवढे रक्त गेले तरी दुसरी एखादी बाई उठली असती, तेवढेच मथुरेचे गेले. तेवढे सोसायला तिच्या अंगात शिल्लक नव्हते.

संध्याकाळी जीप परत आली. मठाच्या अंगणात उत्सवाची माणसे अजून होती. ती बाजूला झाली. मायलेकरांना एकाच चादरीत उतरविले. चादरीवर स्वामींची शाल होती.

अच्युतबुवा मंडपात आले. डोक्यावर पागोटे नव्हते. त्यांनी नमस्कार केला नाही. विसरले असावेत.

“महाराज, आता तरी सांगा. कारण कोणते? दृष्ट, पितर, घराणे, लोह... काय ते एक सांगा.”

स्वामींनी त्यांना बसायची खूण केली.

“मुलाला फोन केला. तो तिकडे सरहद्दीवर, पलटणीत. रडला नाही. एवढेच विचारले, ‘बाबा, ती जेवत होती ना?’” बुवांचा आवाज तुटला. “एवढी वर्षे बोलतो आहे मी, महाराज. हजारांपुढे बोलतो. मला हो म्हणता आले नाही... नाही पण म्हणता आले नाही.”

समईत तेल कमी झाले होते. स्वामींनी घातले. वात पुढे सारली.

बाहेर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. थोड्या अंतराने पुन्हा झाला.

“कसला आवाज?”

“लोक ऐकत नाहीत. म्हणतात, ती साधी बाई नव्हती. तिला चितेवर चढवू नका, थोरल्या स्वामींशेजारी समाधी द्या.” बुवांनी तोंड उपरण्यात धरले. त्या उपरण्यावरचे मातीचे डाग अजून धुतलेले नव्हते. “मीही जागा दाखविली. तिच्यासाठी करण्यासारखे माझ्या हाती एवढेच उरले आहे, महाराज. खड्डा खणायला घेतला आहे. आपण आज्ञा द्यावी.”

स्वामी उठले. काठी न घेताच दारापर्यंत गेले. अंगणात माणसे गोलाकार उभी होती. मध्ये कुदळ वर जात होती, खाली येत होती. काळ्या ओल्या मातीचा ढीग चादरीच्या कडेपर्यंत आला होता.

“कुदळ ठेवायला सांग, अच्युता... तिच्या तोंडात आणखी माती नको.”