झाकलेला हात

पेशवाईच्या उतरत्या काळात अचलनाथ महाराज बेलदरी गावी नदीकाठच्या मठात राहत असत, तेव्हाची ही गोष्ट. मठात झाडलोट करणारी गोदा ही पोरकी मुलगी. नामस्मरण हाच तिचा आधार. महाराजांनी तिचे लग्न शेजारगावच्या मोरेश्वराशी जमवले. मोरेश्वराला लहानाचे मोठे केले होते त्याच्या मामांनी, विसाजीपंतांनी. आणि मामांच्या मनात पाल चुकचुकली.

मुलगी पाहताना तिने उजवा हात पदराबाहेर काढलाच नव्हता. पानसुपारीचे तबकही डाव्या हाताने पुढे केले. हात थोटा असेल, की कोड?

"बुवा, मठात खपेना म्हणून हे खोटं नाणं आमच्या गळ्यात मारताय का?" पंतांनी चारचौघांत विचारले.

महाराज म्हणाले, "पाणिग्रहणाच्या वेळी बघा, पंत."

मोरेश्वर तर तिच्याशिवाय दुसरे नावच घेईना. पोराला कोणी भारले तर नाही ना, असाही संशय पंतांना येऊ लागला.

लग्नाचा दिवस उजाडला. पाण्याने भरलेल्या घंगाळात जोशीबुवांनी घटिकापात्र सोडले. त्या तांब्याच्या वाटीच्या बुडाला बारीक छिद्र असते. त्यातून पाणी शिरून वाटी बुडाली की मुहूर्त आला. राखणीला पंत आपणहून बसले. कोणी पाहत नाही असे बघून त्यांनी छिद्रात मेण दाबले. मुहूर्त टळला की लग्न मोडायला निमित्त मिळणार होते. मग त्या पोरीला पुन्हा कोण विचारणार, हा विचार त्यांनी बाजूला सारला.

अंतरपाट धरला गेला. गोदेला मामा नव्हता, म्हणून तिच्या मागे स्वतः महाराज उभे राहिले. मंगलाष्टके संपत आली, तरी वाटी कोरडीच तरंगत होती. जोशीबुवा चुळबुळले. गोदेचे ओठ नामात हलत होते. महाराजांनी डोळे मिटले.

पंतांच्या देखत वाटीच्या तळातून पाणी वर आले. काठापर्यंत चढले. वाटी डुबकन बुडाली, आणि बुडताना उलटी झाली. मेण जागच्या जागी होते!

"सावधान!" जोशीबुवा गरजले. अंतरपाट दूर झाला.

पाणिग्रहणाला गोदेने उजवा हात पुढे केला. मनगटापर्यंत भाजून आक्रसलेला. मांडवात कुजबुज उठली. मोरेश्वराने तो हात दोन्ही हातांत घेतला.

"मामा, मला ठाऊक होतं. मठाचा गोठा पेटला, तेव्हा गुराख्याचं लेकरू हिनंच आतून काढलं. मी तिथं होतो. तुम्ही मोडता घालाल म्हणून बोललो नाही."

पंत घंगाळाजवळून उठून पुढे आले. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, मी छिद्र बुजवलं होतं."

"ठाऊक आहे," महाराज हलकेच म्हणाले. "आता उठा. सुनेला आशीर्वाद द्यायचाय ना?"

पण पंत पायांवरून डोके उचलेनात. गोदा वाकली आणि त्यांना उठवायला तिने तोच हात पुढे केला. तो धरूनच पंत उठले, आणि आशीर्वाद देण्याआधी त्यांनी तो आपल्या कपाळाला लावला.