परतणारे मोजणारी टिटवी

फार मागे, माणसांनी नकाशे काढायच्याही आधी, एका रानात वाट शोधण्याची शर्यत भरत असे. ठिकठिकाणी बांधलेली तांबडी फडकी शोधत धावायचं आणि परत यायचं.

एका वर्षी साळिंदरकाकांनी कामं वाटली. फडकी बांधायचं काम शेकरूताईला मिळालं आणि टिटवीला शर्यत संपते तिथे बसून परतणारे मोजायचं. टिटवीच्या पोटात दुखायला लागलं.

"मिरवायला ती आणि बसायला मी!"

"अगं, बसणारंही कुणी लागतंच की," काका म्हणाले.

टिटवी बसली, पण दिवसभर तिचे डोळे शेकरूताईवरच. ती कुठल्या फांदीवर गेली, कोण तिला वाहवा म्हणालं, सगळं टिटवीला पाठ. संध्याकाळी धावायला गेलेले तेराच्या तेरा परतले. काकांनी शर्यत संपल्याचं सांगितलं आणि सगळे घरी निघाले.

फडकी सोडायला गेलेली शेकरूताई मात्र आली नव्हती. ती धावणाऱ्यांत नव्हती, म्हणून मोजणीतही नव्हती. टिटवीला क्षणभर बरंच वाटलं. मग एकदम ती अशी ओरडली की सगळे जागीच थबकले.

"शेकरूताई ओढ्यापलीकडे गेली, ती परतलीच नाही!"

सगळे धावले. ओढ्यापलीकडच्या बाभळीत शेपटी अडकून शेकरूताई रडकुंडीला आली होती.

"तुला गं कसं कळलं?" सुटल्यावर तिनं विचारलं.

टिटवीनं मान खाली घातली. "दिवसभर तुझ्यावर जळत होते. नजर हलेचना."

शेकरूताई शेपटीतले काटे काढत म्हणाली, "मग पुढच्या वर्षीही जळ, बाई."