एका दंडाला तीन हात

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतक्या जुन्या गोष्टी जशाच्या तशा ध्यानात ठेवणारा माझ्यासारखा दुसरा माणूस नाही. फक्त गावाचं नाव, राजाचं नाव आणि साल तेवढं विसरलोय. बाकी सगळं पक्कं!

तर एका नदीकाठी कुंभारांची वाडी होती. तिथं तीन घरांची मडकी एकाच आव्यात भाजत. आवा पेटवायचा तर तिन्ही घरच्या म्हाताऱ्यांनी एकाच पलित्याला हात लावायचा. का? तर उद्या मडकी तडकलीच, तर दोष कुणा एकीच्या माथी नको. हुशार माणसं, अगदी तुमच्याआमच्यासारखी.

वाडीत गोजरी नावाची एक सून होती. तिला आठ महिन्यांचं पोर. नदीपलीकडच्या गावात देवीची साथ आली, दोन पाळणे रिकामे झाले. ते ऐकल्यापासून गोजरी पोराला घटकाभरही खाली ठेवीना.

तेवढ्यात राजानं लस टोचणारी बाई वाडीत धाडली. ती म्हणाली, "दंडावर जरासं टोचायचं. दोन दिवस अंग तापेल, मग देवीची भीती नाही. मी तीन दिवस आहे."

गोजरीनं नवऱ्याला विचारलं. तो चाक फिरवत राहिला. त्याचंही चाकासारखंच, आई फिरवील तिकडं फिरायचं.

मग तिनं सासूला, भागाबाईला, विचारलं. सासू म्हणाली, "ठकू गेली तर बघू. आपण पुढं झालो आणि पोर तापलं, तर लोक काय म्हणतील?"

गोजरी शेजारी ठकूमावशीकडं गेली.

"मी कुठं नाही म्हणतेय गं? चंपाआजी निघाली की निघालेच."

गोजरी चंपाआजीकडं गेली.

"भागा उठू दे, माझी पायताणं पायातच आहेत म्हणून समज!"

गोजरी परत आपल्याच ओट्यावर येऊन बसली. ज्या दारातून निघाली होती, त्याच दारात तिघींनी तिला आणून सोडलं होतं की! नाही कुणीच म्हणत नव्हतं, आणि उठतही कुणी नव्हतं.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी टोचणारी बाई सामान बांधू लागली. गोजरीनं पोर काखोटीला मारलं आणि धापा टाकत तिन्ही दारी ओरडत सुटली. "ठकूमावशी, चंपाआजी निघाली!" "आजी, आत्याबाई निघाल्या!" "आत्याबाई, ठकूमावशी गेलीसुद्धा!"

मागं राहिलो तर लोक काय म्हणतील! तीन दारांतून तीन म्हाताऱ्या एकदम बाहेर पडल्या. एकमेकींना पाहिलं, आणि आता परत फिरायची सोय उरली नाही.

पण बाईसमोर पोचल्या आणि पुन्हा तेच. "तू हो पुढं." "छे, तू थोरली." गोजरीनं आपल्या पोराचा इवलासा दंड उघडा केला आणि म्हणाली, "पलित्याला लावता तसा हात लावा सगळ्या. मग दोष कुणाचाच नाही."

तिघींनी हात लावला. बाईनं टोचलं. पोरानं टाहो फोडला. त्याच्यामागं अख्खी वाडी रांगेत उभी राहिली.

पोरं दोन दिवस तापली, किरकिरली, तिसऱ्या दिवशी खेळायला लागली. पुढं साथ नदी ओलांडून आली, पण वाडीतला एकही पाळणा रिकामा झाला नाही. उलट पोरं इतकी धडधाकट राहिली, की वर्षभर मडकी फोडत हिंडली.

पुढं एका आव्याच्या वेळी मडकी रचता रचता गोजरीला राहवेना. "आत्याबाई, त्या दिवशी ठकूमावशी काही गेली नव्हती. मी थाप मारली."

भागाबाईनं पुढचं मडकं उचललं. गोजरीला वाटलं, आता शहाणपण सांगायची पाळी आपली. ती म्हणाली, "बघा ना, आपण ज्या लोकांना भिऊन थांबतो, ते लोकही आपल्यालाच भिऊन थांबलेले असतात." या गोष्टीचा बोधही तोच, मला निराळा शोधावा लागला नाही.

सासूनं हातातलं मडकं वाजवून पाहिलं. "ठकू आयुष्यात कधी कुणाच्या आधी गेलीय का गं? तुझी थाप मला दारातच कळली होती. मला पहिल्याच दिवशी जायचं होतं. एक थाप मारायला तुला तीन दिवस का लागले, ते सांग!"