वायवर्णाचा पांढरा रंग

एकदा एका नदीकाठच्या गावी एक वृद्ध चित्रकार राहत होते. सारे त्यांना गुरुजी म्हणत. दर रविवारी सकाळी सात-आठ हौशी माणसे जलरंगांची पेटी घेऊन त्यांच्याभोवती घाटावर जमत. त्यांत एक निवृत्त पोस्टमास्तर होते, औषधांचे दुकान चालवणारे एक गृहस्थ होते आणि बालवाडीत शिकवणारी सुमित्रा होती. गुरुजींचा एक विचित्र नियम होता. नवा शिष्य आला, की ते त्याच्या पेटीतली पांढऱ्या रंगाची ट्यूब काढून आपल्या पिशवीत टाकत. कारण विचारले तर म्हणत, "पांढरा कागदातच आहे. तो लावायचा नसतो, सोडायचा असतो."

चैत्र लागला आणि घाटावरचा वायवर्ण फुलला. या झाडाचे फूल पांढरे उमलते, दोन-तीन दिवसांत पिवळे पडते आणि गळून जाते. सारा बहर जेमतेम तीन आठवड्यांचा.

सुमित्राची थोरली बहीण त्या वर्षी अंथरुणाला खिळली होती. आईवेगळ्या सुमित्राला अक्कानेच वाढवले होते. पहिली रंगपेटीही तिनेच आणून दिली होती. आता डॉक्टरांनी हात टेकले होते. आठवडाभर सुमित्रा शाळेत असे आणि शेजारीण अक्काकडे बघे.

"वायवर्ण फुलला असेल ना गं?" अक्काने विचारले. "यंदा काही माझं जाणं होत नाही."

"मी रंगवून आणते तुझ्यासाठी. माझ्या हातचा."

"आणशील गं. आज रविवार आहे, बस ना जरा."

"चित्र झालं की बसते," असे म्हणून सुमित्रा पेटी घेऊन निघाली.

त्या रविवारी तिने उत्साहाच्या भरात अख्ख्या कागदावर निळे आकाश पसरले. फुलांना जागाच उरली नाही.

"सुमित्राबाई, आकाश छान झालंय," पोस्टमास्तर म्हणाले. "झाड पुढच्या टपालाने येणार का?"

सारे हसले. तीही हसली. गुरुजी एवढेच म्हणाले, "फुलांची जागा आधी राखायची."

दुसऱ्या रविवारी तिने जागा राखली. पण ते कोरे तुकडे तिला बघवेनात. काम अर्धवट टाकल्यासारखे दिसत होते. तिने इथे थोडा हिरवा लावला, तिथे थोडा पिवळा, आणि दुपारपर्यंत कागद पुन्हा भरून गेला. ओल्या फडक्याने पुसायला गेली तर कागदाचे तंतूच वर आले.

"अहो, मोबाइलवर फोटो काढून न्या की," औषधवाले म्हणाले.

"फोटो शेजारणीने दाखवलाय तिला. तिला माझ्या हातचा हवाय."

खरे तर अक्काने तसे कधी म्हटले नव्हते.

घरी पोहोचायला एक वाजला. अक्का झोपली होती. पलंगाशी कोणीतरी स्टूल ओढून ठेवले होते. सुमित्राने ते उचलून भिंतीशी लावले आणि भात टाकला.

तिसऱ्या रविवारी तिने गुपचूप नवी पांढरी ट्यूब आणली आणि निळ्या आकाशावर फुले टिपली. रंग ओला होता तोवर झाड उजळल्यासारखे वाटले. वाळल्यावर मात्र ते जुन्या चुन्याच्या भिंतीसारखे फिके पडले. गुरुजींनी ते पाहिले आणि ते पुढे गेले. असे चित्र अक्काला काय दाखवायचे, पुढच्या वेळी चांगले जमेल, म्हणून सुमित्राने ते कपाटामागे सारले.

गुरुवारी अक्का गेली.

तेरावा झाल्यावरच्या रविवारी सुमित्रा घाटावर आली. वायवर्णावर एकही फूल नव्हते. फांद्यांना कोवळी पाने फुटली होती. कोणी थट्टा केली नाही. पोस्टमास्तरांनी उठून आपली सावलीतली जागा तिला दिली.

"गुरुजी," ती म्हणाली, "एकदा तरी तो पांढरा मला जमवून द्या. ते चित्र मला अक्काच्या फोटोसमोर ठेवायचंय."

गुरुजींनी पिशवीत हात घातला आणि एक ट्यूब काढली. तिच्यावर बॉलपेनने सुमित्राचे नाव होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच ती तिच्या पेटीतून काढून घेतली होती. त्यांनी ती तिच्या हातात ठेवली, समोर नवा कोरा कागद लावला आणि म्हणाले, "लाव. हवा तेवढा लाव."

सगळे बघत राहिले. ज्या माणसाने पांढऱ्याला कधी हात लावू दिला नाही, तो आज हे काय सांगत होता?

सुमित्राने आठवून आठवून फुले काढली. कोऱ्या कागदावर पांढरा रंग, काहीच दिसेना. उन्हात तो वाळला, तेव्हा कागदावर फिकट ठिपके उमटले.

"हा तर मळकट दिसतो, गुरुजी."

"कागदापुढे तो मळकटच दिसणार," गुरुजी म्हणाले. "ट्यूबमध्ये दोष नाही. पण ती पेटीत असली, की माणसाला वाटतं, आत्ता भरून टाकू, नंतर पांढरं करून घेऊ. नंतर पांढरं होत नाही. माझी बायको गेली तेव्हा मीही वर्षभर हाच रंग लावत बसलो होतो. कोऱ्या जागेची आपल्याला भीती वाटते, म्हणून आपण ती भरतो. आणि भरली की ती परत मिळत नाही. तुला मी हे चित्रापुरतंच शिकवलं. तिथेच थांबलो, ही माझी चूक."

सुमित्राने ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

"अक्का दर रविवारी शेजारणीला सांगून माझ्यासाठी पलंगाशी स्टूल ओढून ठेवायला लावायची," ती हळू म्हणाली. "मला काल कळलं."

"आमच्याकडे ती माझ्यासाठी खुर्ची ठेवायची," गुरुजी म्हणाले.

"मग आता मी काय करू?"

"आता काही करता येत नाही, बाळ."

त्यांनी ट्यूबचे झाकण लावले. पण ती पिशवीत टाकली नाही, तिथेच तिच्याजवळ ठेवली. सुमित्राने कागद फाडला नाही की त्यावर दुसरा रंग लावला नाही. बाकीचे आपापल्या चित्रांकडे वळले. ऊन पायरीवर येईपर्यंत ती तशीच बसून राहिली, आणि गुरुजीही काही न रंगवता तिच्या शेजारी बसून राहिले.

आपल्या माणसासाठी राखायची जागा पहिला रंग लावण्याआधीच राखावी लागते.